लंडन सायकलिंग कॅम्पेनची मेंबरशिप घ्यावी का?

लंडनात_नवा: मंडळी, ऑफिसला सायकलने जायला लागलोय, बस अगदी कोपराला घासून जाते, जीव मुठीत असतो. मेंबर होऊन काही मिळतं का, की नुसतीच वर्गणी?

जुनं_पेडल: थर्ड पार्टी इन्शुरन्स मिळतो, म्हणजे तुमच्या सायकलने कुणाची गाडी खरचटली तर. सायकल चोरीला गेली तर नाही हं, तो वेगळा काढा.

चाकफिरवी: नुसत्या इन्शुरन्ससाठी नका घेऊ हो. १९७८ पासूनची संस्था आहे, लंडनच्या बहुतेक बरोंमध्ये (म्हणजे स्थानिक पालिकेच्या भागांत) लोकल ग्रुप, २०१२ च्या मेयर इलेक्शनआधी डच पद्धतीचे सेफ रस्ते करा म्हणून यांनीच उमेदवारांच्या मागे भुंगा लावलेला. आमच्या मीटिंगला गेले तर अर्धा तास एका कर्बच्या (फुटपाथच्या कडेच्या) उंचीवरच वाद!

लंडनात_नवा: चहा असतो का मीटिंगला?

चाकफिरवी: आमची पबात असते 😄