ओव्या कॉपी-पेस्ट करताना

भाऊ, ज्ञानेश्वरीच्या ओव्या ॲपमधून उचलून मुक्ताईनगरच्या वारीच्या ग्रुपवर टाकल्या का ठळक अक्षरं उडतात आणि चारी चरण एका ओळीत येतात म्हणतो ना तू, त्यात ॲपचा दोष कमीच. कॉपी करताना बऱ्याचदा मजकूर दोन रूपात जातो, एक नुसती अक्षरं आणि एक फॉरमॅटिंगसकट, वर्ड दुसरं घेतं पण व्हॉट्सॲप नुसती अक्षरंच घेतं, म्हणून रंग गेला, ठळकपणा गेला आणि वर चढवलेला ओवीचा आकडा शेवटच्या शब्दाला चिकटून बसतो.

ठळक पाहिजे तर शब्दाच्या दोन्ही बाजूला * टाक, चांदणी आणि शब्दाच्या मधे जागा नको. पण खरं सांगू, ठळक नसलं तरी चालतं, ओळी मोडल्या का मजा जाते. ओवीचे पहिले तीन चरण यमकात आणि चौथा आखूड, सुटा, ते एकात एक कोंबलं का पारायणात मोबाईल धरून म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मंडळीला कुठं थांबावं तेच कळत नाही. म्हणून आधी नोट्समधे पेस्ट कर, चरणागणिक एंटर मार, मग तिथून उचल.

आणि शेवटी || अशा दोन रेघा नको टाकू, कीबोर्डवर ॥ हे एकच चिन्ह मिळतं, ते अर्धं खालच्या ओळीत जात नाही. जुन्या फाँटमधली फाईल असली तर मात्र पेस्ट केल्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा येईल, तिला युनिकोड कन्व्हर्टरच लागतो, म्हणजे जुन्या फाँटची अक्षरं मोबाईलला कळणाऱ्या देवनागरीत बदलून देणारं साधन.