रेल्वेचं तिकीट तुकड्यांत काढून पैसे वाचवणं योग्य की अयोग्य?

शमिका (रेडिंग)

ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या मराठी घरांतही मी बघते, लंडनहून ब्रिस्टलला किंवा बर्मिंगहॅमहून एक्सेटरला जायचं असलं की सरळ थेट तिकीट काढलं जातं. तीच गाडी, तोच डबा, पण तिकीट मधल्या एखाद्या स्टेशनावर तोडून दोन भागांत घेतलं तर कितीतरी वेळा स्वस्त पडतं. गाडी बदलायची नाही, खाली उतरायचंही नाही. याला इथे स्प्लिट तिकीट म्हणतात आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. नॅशनल रेलच्या प्रवासाच्या अटींत एवढंच म्हटलंय की जिथे एक तिकीट संपून दुसरं सुरू होतं, त्या स्टेशनावर तुमची गाडी थांबली पाहिजे.

असं का होतं? कारण इथलं भाडं अंतरावर ठरत नाही. 1993 च्या कायद्यानंतर सरकारी ब्रिटिश रेलचे तुकडे झाले, कंपन्या आल्या, आणि कुठल्या दोन स्टेशनांमधलं भाडं कोणी ठरवायचं याची वाटणी झाली. पूर्ण प्रवासाचं भाडं एका कंपनीने ठरवलेलं, पहिल्या टप्प्याचं दुसरीने, पुढच्या टप्प्याचं तिसरीने. त्यांची बेरीज जुळलीच पाहिजे असं बंधन कोणावर नाही. दुसरं कारण गर्दीच्या वेळेचं. सकाळी पॅडिंग्टनहून निघालात तर थेट तिकिटाला ब्रिस्टलपर्यंत सगळा प्रवास गर्दीच्या दराने. डिडकॉट पार्कवेला तोडलं आणि पुढचा तुकडा ऑफ-पीकमध्ये, म्हणजे गर्दी नसलेल्या वेळेच्या स्वस्त दरात, बसला, तर महागडा दर फक्त डिडकॉटपर्यंतच भरावा लागतो. चौघांचं कुटुंब असेल तर फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो.

ट्रेनस्प्लिट, ट्रेनपाल, ट्रेनलाइन ही अ‍ॅप्स हा हिशेब क्षणात करून देतात. काही जण वाचलेल्या पैशांतला वाटा घेतात, काही शुल्क लावतात. म्हणून कुठे तोडायचं ते तिथे बघा आणि तिकिटं रेल्वे कंपनीच्या साइटवरून स्वतः काढा.

याला लबाडी म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. कंपनीचं तिकीट, कंपनीने लावलेल्या भावात, कंपनीच्याच अटी पाळून मी घेते. यात कोणाला फसवलं? माझं म्हणणं आहे की प्रत्येकाने हे करावं आणि उजळ माथ्याने करावं.

गोदातीर (लीड्स)

शमिकाताई, नियमाबद्दल वाद नाही. प्रवाशाला लबाड म्हणायचाही प्रश्न नाही. पण "प्रत्येकाने करावं" याला माझा विरोध आहे, कारण प्रत्येकाला ते करताच येत नाही.

खिडकीवर थेट तिकीट मागितलं की थेटच मिळतं. आपण होऊन तुकडे सुचवायचं बंधन तिथल्या माणसावर नाही. म्हणजे नाशिकहून नातवंडाला बघायला आलेले आजोबा, स्मार्टफोन न वापरणारी शेजारची इंग्रज बाई, रात्रपाळी करून आलेला मजूर, हे सगळे त्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसून तुमच्यापेक्षा जास्त पैसे मोजतात. आपली बचत त्यांच्या अज्ञानावर उभी आहे. सार्वजनिक वाहतुकीत हे चालवून घेता कामा नये.

आणि जितके हुशार प्रवासी आपापली सोय लावून गप्प बसतात, तितका सुधारणेसाठीचा आवाज कमी होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये एलएनईआर या रेल्वे कंपनीने लंडन ते न्यूकासल आणि एडिंबरा या प्रवासांची ऑफ-पीक तिकिटं काढून टाकली. त्यांच्या जागी ठरलेल्या गाडीच्या आधी-नंतर 70 मिनिटांची मुभा देणारं तिकीट आलं. भाडी सोपी करतोय असं सांगितलं गेलं. ज्यांना जमतं ते अजून ऑफ-पीक मिळतंय अशी मधली स्टेशनं शोधायला लागले. ज्यांना जमत नाही त्यांची लवचीक आणि परवडणारी सोय गेली. खरं तर दोघांनी मिळून ओरडायला हवं होतं.

जुना ठाणेकर (स्लाव)

आपल्या लोकांच्या गळी हे उतरत नाही, कारण भारतात सगळा हिशेबच उलटा. तिथे जितकं लांब जाल तितका किलोमीटरमागचा दर उतरत जातो. मुंबई-नागपूर तिकीट भुसावळला तोडून बघा. स्लीपरला 20 रुपये आरक्षण शुल्क दोनदा, सुपरफास्ट असेल तर 30 रुपये अधिभार दोनदा, आणि दोन्ही तुकड्यांना सुरुवातीच्या किलोमीटरांचा चढा दर. शिवाय स्लीपरला कमीत कमी 200 किलोमीटरचं आणि एसी थ्री-टियरला 300 किलोमीटरचं भाडं घेतातच. मनमाड ते जळगाव 160 च्या आसपास, पैसे मात्र 200 चे.

आपल्याकडे तुकडे करतात ते जागेसाठी. थेट वेटिंग 80 आणि मधल्या स्टेशनापर्यंत कन्फर्म दिसतं, मग दोन पीएनआर. गाडी बदलणार असाल तर एप्रिल 2019 पासून हे दोन पीएनआर जोडताही येतात, म्हणजे पहिली गाडी उशिरा पोचून दुसरी चुकली तर न झालेल्या प्रवासाचा परतावा मिळतो. पण या सगळ्यात पैसे वाचवायचा हेतू कोणाचाच नसतो, उलट जास्तच जातात.

म्हणून मी गोदातीर यांच्या बाजूचा. भाड्याला अंतराचा पाया असला की असे खेळ खेळावे लागत नाहीत. भारतीय रेल्वेबद्दल शंभर तक्रारी करता येतील, पण ठाणे ते नागपूरचं भाडं नियमाने ठरतं आणि खिडकीवरच्या आजोबांना तेच भाडं लागतं, हे मोठं काम आहे.

मृदुला (चेल्टनहॅम)

तत्त्वाचं बाजूला ठेवते, प्रत्यक्षातलं सांगते. बर्मिंगहॅम-ब्रिस्टल मार्गावर आमचं चेल्टनहॅम हे तिकीट तोडायचं नेहमीचं स्टेशन, त्यामुळे ही दृश्यं मी कायम बघते. आरक्षण दोन तिकिटांवर दोन वेगळ्या डब्यांत. गाडी थांबते, चढणारे आत घुसतात, आणि एक आई कडेवर बाळ, हातात घडी केलेली बाबागाडी आणि खांद्याला डब्यांची पिशवी घेऊन गर्दीच्या उलट दिशेने सी डब्यातून एफ डब्याकडे निघालेली असते. मोठा मुलगा आधीच्याच सीटवर बसून रडतोय. अशा वेळी वाचलेले पैसे आठवत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. विद्यार्थ्यांनी जपून. 16-25 या तरुणांच्या सवलतीच्या रेलकार्डवर सोमवार ते शुक्रवार सकाळी दहाच्या आत किमान भाड्याची अट असते (जुलै-ऑगस्ट सोडून), आणि ती प्रत्येक तिकिटाला वेगवेगळी लागते. तीन लहान तुकडे केलेत तर सवलत तिन्हींवरून जाऊ शकते. दुसरं, लंडनमध्ये बँकेचं कार्ड टॅप करून आत जायचं आणि पुढचा तुकडा फोनवरच्या तिकिटाने करायचा, हे एका दमात जमत नाही. टॅप करून आलात तर तुकडा जिथे संपतो तिथे उतरून टॅप करून बाहेर पडावं लागतं. नाहीतर पहिला प्रवास अपुरा धरला जातो.

शमिका

मृदुला, टॅपचं तू बरं लिहिलंस, हे मूळ लेखात यायला हवं होतं. सीटचं म्हणशील तर सोबत लहान मुलं असतील तेव्हा तिकीट एकाच ठिकाणी तोडावं आणि काढताना सीट निवडता येते का ते बघावं. अनेकदा दोन्ही तिकिटांवर तीच सीट मिळते.

उशीर झाला तर काय, ही भीती मात्र काढून टाका. एकामागोमाग वापरलेली तिकिटं हा एकच प्रवास धरला जातो. बदलासाठी ठरवून दिलेला किमान वेळ ठेवला असेल आणि पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढच्या गाडीने जाता येतं. डिले रिपेचा, म्हणजे उशिराच्या भरपाईचा, दावाही पूर्ण प्रवासाच्या उशिरावर करायचा. अर्जात सगळी तिकिटं जोडा, एकच जोडू नका.

गोदातीर, तुमची कळकळ समजते. पण मार्च 2025 मध्ये इंग्लंडातली नियंत्रित भाडी 4.6 टक्क्यांनी वाढली. सरकार ग्रेट ब्रिटिश रेल्वेज नावाची सरकारी संस्था आणणार, भाडी सोपी करणार, कंपन्या एकेक करून सरकारी ताब्यात येतायत, सगळं मान्य. तोपर्यंत मी जास्तीचे पैसे भरून कोणाचं भलं करू? मी थेट तिकीट काढलं म्हणून आजोबांचं तिकीट स्वस्त होत नाही.

कस्तुरी (श्टुटगार्ट)

इथे जर्मनीतही हा प्रकार चालतो. डॉइचलांड-टिकेट हा स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचा मासिक पास मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झाला, 2025 मध्ये 58 झाला. लोक प्रादेशिक गाडीचा टप्पा त्यावर करतात आणि लांबच्या आयसीई या वेगवान गाडीचं स्वस्त तिकीट पुढच्या मोठ्या स्टेशनापासून घेतात. पण ते दोन वेगळे करार धरले जातात. प्रादेशिक गाडीच्या उशिराने आयसीई चुकली तर गाडीला बांधलेलं स्वस्त तिकीट वाया. ब्रिटनमध्ये सगळी तिकिटं एक प्रवास धरतात, हे वाचून हेवा वाटला.

गोदातीर

शमिकाताई, थेट तिकीट काढा असं मी म्हणतच नाही. तुकडे करा, पण तो तोडगा समजू नका. नियम इतके गुंतागुंतीचे ठेवायचे आणि चूक झाली की प्रवाशाला गुन्हेगार ठरवायचं, हे इथे घडलंय. ऑगस्ट 2024 मध्ये इंग्लंडच्या मुख्य दंडाधिकाऱ्यांनी रेल्वे कंपन्यांनी चुकीच्या प्रक्रियेने चालवलेले सुमारे 74,000 खटले रद्द केले. ते तुकड्यांच्या तिकिटांवरचे नव्हते, पण त्यावरून कंपन्या किती सहज कोर्टात जातात ते दिसलं. उद्या एखाद्याने गाडी न थांबणाऱ्या स्टेशनावर तिकीट तोडलं तर तपासनीसासमोर त्याची बाजू कोण मांडणार?

निमिष (क्रॉयडन)

एक शंका. माझ्याकडे लंडनच्या भाडे-विभागांपैकी झोन 1 ते 6 चा मासिक पास आहे. ब्रायटनला जाताना झोन 6 च्या पुढचं तेवढं तिकीट काढलं तर चालेल का? गाडी हद्दीवरच्या स्टेशनावर थांबत नाही.

शमिका

चालेल. दोन्हींपैकी एक पास असेल आणि पासची हद्द जिथे संपते तिथूनच दुसरं तिकीट सुरू होत असेल, तर गाडी थांबलीच पाहिजे ही अट लागत नाही. खिडकीवर "बाउंडरी झोन 6 ते ब्रायटन" असंच मागा. बऱ्याच अ‍ॅपवर हे सापडत नाही.

गोदातीर

निमिष, खिडकीवर मिळेल, पण नाव माहीत असलेल्यालाच. माझा आक्षेप नेमका हाच आहे. मी माझ्या खासदाराला पत्र लिहितोय: खिडकीवर आणि मशीनवर त्या प्रवासाचा सर्वात स्वस्त वैध पर्याय आपोआप दाखवायचं बंधन कायद्याने घाला. मसुदा उद्या इथे टाकतो.

शमिका

टाका, मीही सही करून माझ्या खासदाराला पाठवते. आणि मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात दाराशी एक टेबल मांडून बसते. ज्या काका-काकूंना प्रवासाला जायचंय त्यांनी तारीख आणि स्टेशनं सांगावीत, तिथल्या तिथे तिकिटं काढून छापून देईन. मृदुला, येशील का मदतीला?

मृदुला

येते. प्रिंटर माझ्याकडचा आणते. पण ज्यांच्यासोबत लहान मुलं आहेत त्यांना मी थेट तिकीटच काढून देणार.