'प्रत्यार्पण', 'प्रत्यर्पण' की नुसता 'ताबा'?

शिरपूर : सेंधव्याला पकडलेल्या एका आरोपीला इकडे आणले, त्या बातमीत 'मध्य प्रदेशाकडून आरोपीचे प्रत्यार्पण' असे छापून आले होते. दोन राज्यांमधील कारवाईला हा शब्द योग्य आहे का, आणि तो असाच लिहावा का?

जळगाव : लेखनाचे आधी सांगतो. प्रति + अर्पण यांचा संधी 'प्रत्यर्पण' असा होतो. 'प्रत्यारोप' या शब्दात मुळातच 'आरोप' असल्याने तेथे काना येतो; त्याच सवयीने तो येथेही घुसला असावा.

अर्थाच्या दृष्टीने मात्र काना काढूनही तो शब्द त्या बातमीत बसत नाही. प्रत्यर्पण म्हणजे फरारी आरोपीला एका सरकारने दुसऱ्या सरकारच्या हवाली करणे, आणि आपला 1962 चा प्रत्यर्पण कायदा परदेशांशी होणाऱ्या व्यवहारापुरता आहे. राज्याराज्यांत त्याची गरज पडत नाही, कारण फौजदारी प्रक्रिया एकच आहे (1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता), आणि न्यायालयाचे वॉरंट देशात कोठेही बजावता येते. वॉरंटाशिवाय अटक झाली, तर आरोपीला 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. या मुदतीत प्रवासाचा वेळ धरत नाहीत, तरीही लांबच्या प्रवासापूर्वी पोलीस तेथल्याच न्यायालयाकडून 'ट्रान्झिट रिमांड', म्हणजे आरोपीला ताब्यात ठेवून घेऊन जाण्याची परवानगी, घेतात. यात मध्य प्रदेश सरकारने कोणाला 'अर्पण' करण्याचा प्रश्नच येत नाही. पोलीस ठाण्यात रूढ असलेला 'ताबा घेणे' हाच प्रयोग नेमका आहे.

नवापूर : आमच्या रेल्वे स्थानकातूनच महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते. तो शब्द मानला, तर फलाटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे प्रत्यर्पण करावे लागेल! परंतु अमेरिकेतील राज्याराज्यांतही हाच शब्द वाचल्याचे आठवते.

जळगाव : बरोबर आहे, तेथे तो शब्दशः लागू आहे. प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा असल्याने, फरारी आरोपीची मागणी एका राज्याच्या गव्हर्नरने दुसऱ्याकडे करावयाची, अशी तरतूद त्यांच्या संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदावर आधारलेली आहे. ही मागणी मान्य करणे गव्हर्नरचे कर्तव्य असले तरी त्याच्यावर सक्ती करता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1861 मध्ये ठरवले होते. तो निर्णय 1987 मध्ये त्याच न्यायालयाने मोडीत काढला.

धुळे : एक पुरवणी जोडतो. सेंधवा होळकरांच्या इंदूर संस्थानात होते आणि खानदेश ब्रिटिश मुलखात होता, तेव्हा सातपुड्याच्या या दोन बाजूंमध्ये हा शब्द खराच लागू पडत असे. संस्थानात गुन्हा करून इकडे पळून आलेल्या माणसासाठी तेथील पोलिटिकल एजंट (संस्थानासाठी नेमलेला ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी) इकडच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे वॉरंट काढू शकत असे, अशी 1903 च्या कायद्यात सोय होती. त्या काळच्या बातमीत 'प्रत्यर्पण' शोभले असते.

शिरपूर : आणि 'ट्रान्झिट रिमांड'ला मराठी शब्द?

जळगाव : रूढ असा नाही. 'पोलीस कोठडी', 'न्यायालयीन कोठडी' यांच्या धर्तीवर 'प्रवास कोठडी' म्हणता येईल. पण वकील आणि वार्ताहर दोघेही इंग्रजी शब्दच वापरतात, म्हणून बातमीत तूर्त तोच ठेवावा.