उत्तर: ‘वरिष्ठ’ म्हणजे नेमका कोण?

कायद्यात ‘वरिष्ठ’ म्हणजे वरचं न्यायालय, तसाच नोकराचा मालकही. एकाने लिहिलंय, ‘वरिष्ठ न्यायालय म्हणजे खालच्या न्यायालयाचा साहेब, आणि नोकराने केलेलं सगळं मालकाच्या माथी.’ दोन्ही अर्धवट.

गोव्यात पर्वरीला बसणारं आपलं मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ १९८२ साली सुरू झालं. मडगावच्या जिल्हा न्यायालयावर त्याची देखरेख चालते, ती राज्यघटनेच्या कलम २२७ नुसार. पण सर्वोच्च न्यायालय उच्च न्यायालयाचं साहेब नव्हे. तिथे अपील जातं, कारभार नाही.

मालकाचं म्हणाल तर कसोटी एकच: नोकर ते काम नोकरीच्या ओघात करत होता का? १९७८ चा स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी हा निकाल बघा. बँकेतला कर्मचारी शेजारी नि ओळखीचा, म्हणून श्यामादेवींच्या खात्यात भरण्यासाठी त्याच्याकडे पैसे दिले. त्याने ते हडपले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तो मित्र म्हणून घेत होता, बँकेचा माणूस म्हणून नाही. बँक सुटली! (मला आजही हे जरा कठोर वाटतं.)

म्हणजे कळंगुटच्या हॉटेलचा ड्रायव्हर पाहुण्याला विमानतळावर नेताना कुणाला ठोकतो, तेव्हा मालकही अडकतो. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या स्कूटरवरून फेस्ताला (चर्चच्या उत्सवाला) जाताना ठोकलं तर नाही.