गाठ जीव घेते म्हणजे नेमकं काय?
कॅन्सरची गाठ स्वतःच जीव घेते का, असं तुम्ही विचारलंत. आमच्या मोठेबाबांना तोंडाचा कॅन्सर होता (गावात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचं मिश्रण, चहासारखाच चालतो). गाठ लिंबाएवढी, पण माणूस सुकत गेला. दंडावरचा ताईत कोपरापर्यंत घसरायचा. दूध-तूप देऊनही वजन वाढेना. हा रोग स्नायूच झिजवतो, नुसत्या खाण्यानं ते भरून येत नाही. शेवटी गेले न्यूमोनियानं. पुष्कळदा असंच होतं: जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, नाहीतर यकृत, फुप्फुस निकामी. मोठी आई अजून म्हणते, "तपासायला तुकडा काढला म्हणून पसरला." तसं नाही, कापूस निघू दे म्हणत उशीर आम्हीच केला. आणि मॉर्फिननं दुखणं बरंच आवरतं. ती 'शेवटची गोळी' समजून आम्ही आठवडाभर डबीतच ठेवली होती.