चॅनल लॉकने तिरपी रेघ येत नाही

लाँगआर्म मशीनवर (चौकटीच्या रुळांवर क्विल्ट, म्हणजे गोधडी, लावून तिच्यावरून चाकांवरचं मशीनचं डोकं फिरवत शिवतात ते) चॅनल लॉक, म्हणजे डोकं एकाच दिशेत धरून ठेवणारी सोय, लावला की तिरप्या रेघाही आपोआप सरळ येतात, असं म्हणतात. ते काही पटलं नाही. लॉक एक तर आडवी हालचाल धरतो नाहीतर उभी. 45 अंशात डोकं सरकायचं तर दोन्हीकडची चाकं मोकळीच हवीत. डोकं आपोआप चालवणारा संगणक जोडलेला नसेल तर पाव इंच जाडीची अ‍ॅक्रिलिकची पट्टी आणि तिला खालून टेकू द्यायला रूलर बेस (मशीनला जोडायचा सपाट पाट), एवढंच आपल्या हातात. टाका पट्टीच्या कडेपासून पाव इंच लांब पडतो (पट्टीला फूट, म्हणजे सुईभोवतीचा गोल पाय, घासत जातो आणि सुई त्याच्या मधोमध असते ना), म्हणून पट्टी खुणेवर ठेवायची नाही, पाव इंच अलीकडे.

खरी रडारड क्विल्ट पुढे गुंडाळताना होते. 12 इंच जागा वापरता येत असेल तर तिरपी रेघ जेमतेम 17 इंच चालते, मग थांबा. माझ्या पहिल्या क्विल्टवर दर गुंडाळीनंतर रेघेला कोपर फुटलं होतं! चूक माझीच, कापड ढोलकीसारखं ताणलं होतं, आणि उरेबात, म्हणजे तिरप्या दिशेत, कापड सगळ्यात जास्त ताणतं. आता इतकं सैल ठेवते की खालून बोट लावलं तर वर उंचवटा दिसावा. थांबते ती तुकड्यांच्या सांध्यावरच, मोकळ्या जागेत नाही. गुंडाळल्यावर पट्टी आधी शिवलेल्या रेघेला निदान 2 इंच लावून बघते, सुई हाताने त्या जुन्या टाक्यात उतरवते आणि मगच मशीन सुरू करते.