शंकेच्या काळात विश्वासाचे काय झाले? ख्रिस्ती वाचकांनी आपले अनुभव लिहावेत

सांजवेळ (मूळ लेखन)

येत्या रविवारी मुलांना योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला, येशूच्या पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याचा पाठ शिकवायचा आहे. तयारी करताना एक तपशील यंदा प्रथमच डोळ्यांत भरला. खिळ्यांचे व्रण पाहिल्यावाचून मी विश्वास धरणार नाही, असे थोमाने ठणकावून सांगितल्यानंतर आठ दिवस गेले, तरीही तो इतर शिष्यांबरोबर त्याच घरात होता. त्याला कोणी हाकलले नव्हते आणि तोही रुसून निघून गेला नव्हता. ते आठ दिवस कसे गेले असतील, याविषयी शुभवर्तमान काहीच सांगत नाही. मला मात्र त्यांची थोडीफार कल्पना आहे.

माझा धाकटा भाऊ दीर्घ आजाराने गेला तेव्हा मी पंचविशीत होते. त्याच्यासाठी आमच्या चर्चच्या साऱ्या मंडळीने उपास-प्रार्थना केली होती, आणि तो गेल्यावर त्याच लोकांनी "देवाला तो अधिक प्रिय होता" असे सांगून माझे सांत्वन केले. पुढे कित्येक महिने मी उपासनेला जात राहिले, पण प्रभूची प्रार्थना म्हणताना "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" या ओळीपाशी माझे ओठ मिटत आणि रोजच्या भाकरीपाशी पुन्हा उघडत. शेजारी बसणाऱ्या एका आजींच्या ते लक्षात आले. त्यांनी मला वचन वाचून दाखवले नाही, की माझी समजूतही घातली नाही. "तेवढी ओळ तुझ्या वाटणीची मी म्हणत जाईन," एवढेच त्या म्हणाल्या, आणि खरोखरच म्हणत राहिल्या.

आज ती ओळ मी म्हणते. पुन्हा म्हणू लागले ते नेमके कधी, हे मात्र सांगता येणार नाही. ज्यांनी असा काळ पाहिला आहे किंवा जे आज त्यातून जात आहेत, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. देव आहे की नाही, हा वाद इथे घालू नये, इतकीच विनंती.

काजवा

ताई, "देवाला तो अधिक प्रिय होता" हे वाक्य अंत्यविधीच्या वेळी उच्चारायला बंदीच असावी, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून होते, आणि त्या संपूर्ण ग्रंथातले त्यांचे सर्वांत शहाणपणाचे वर्तन तेवढेच. त्यांनी तोंड उघडल्यावर जे झाले ते आपण सर्व जाणतोच. बेचाळिसाव्या अध्यायात देवाचा कोप होतो तो देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर होतो. ही गोष्ट मला कोणीतरी वेळीच सांगायला हवी होती.

जुना उंबरठा

मी निवृत्त पाळक आहे. माझी शंका दुःखातून नव्हे, तर अभ्यासातून आली. धर्मशिक्षण घेताना मला कळले की मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातील दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांमध्ये नाहीत, आणि योहानाच्या आठव्या अध्यायातील, धोंडमार होऊ घातलेल्या स्त्रीची कथाही सर्वांत जुन्या प्रतींमध्ये आढळत नाही. ती कथा तर मला सर्वांत प्रिय होती. शास्त्राचे अक्षर न् अक्षर जसेच्या तसे आपल्या हाती आले आहे, अशा समजुतीत वाढलेल्या मुलाला हा धक्का मोठा होता, आणि तो कोणाजवळ बोलून दाखवण्याची सोयही नव्हती, कारण मी उद्याचा पाळक होतो.

त्या दिवसांत मी संदेश दिले, बाप्तिस्मे दिले, प्रेतयात्रांपुढे चाललो. याला काही जण ढोंग म्हणतील. मी म्हणत नाही, कारण माझ्यासमोर बसलेल्या माणसांना माझ्या मनःस्थितीची नव्हे, तर प्रभूच्या शब्दाची गरज होती, आणि तो शब्द माझ्या आधीपासून होता. यथावकाश मला असेही दिसले की हस्तलिखितांतला हा फरक कोणा शत्रूने शोधून काढलेला नव्हता. बायबलच्या पानावर त्याविषयीची तळटीप ख्रिस्ती विद्वानांनीच दिली होती. जे लोक आपली अडचण अशी उघड्यावर मांडतात, त्यांच्यावर माझा विश्वास हळूहळू पुन्हा बसला.

आम्हा पाळकांविषयी एक तक्रार मीच करतो. आम्ही प्रत्येक शंकेवर एकच औषध देतो. ज्याचे मूल गेले आहे त्याला आम्ही पुनरुत्थानाचे पुरावे सांगतो, आणि ज्याला पुरावे हवे आहेत त्याला "अधिक प्रार्थना करा" म्हणून परत पाठवतो.

कोरा कागद

माझ्या बाबतीत देवाविषयी शंका नव्हतीच, ती माणसांविषयी होती. मंडळीतल्या एका जबाबदार व्यक्तीने केलेला अन्याय सर्वांनी मिळून झाकला आणि मला क्षमा करण्याचे वचन ऐकवले. त्यानंतर क्षमा हा शब्द ऐकला की मला मळमळू लागे. बरेच दिवस लोटल्यावर इतकाच फरक पडला आहे की शुभवर्तमाने पुन्हा वाचू शकतो. येशूने अशा झाकपाकीवर किती कठोर शब्द काढले आहेत, हे तेव्हा कोणी वाचून दाखवले नव्हते.

परतीची वाट

धाग्याचा सूर पाहता माझा अनुभव इथे बसेल की नाही, ठाऊक नाही. मी अखेर बाहेर पडलो. रागाने नव्हे, कोणी दुखावले म्हणूनही नव्हे. जगातल्या दुःखाचा प्रश्न मी अनेक वर्षे वागवला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक उपासनेसाठी जमलेले असताना लिस्बनमध्ये भूकंप झाला आणि चर्चची छपरे त्यांच्याच अंगावर कोसळली. तो प्रसंग वाचल्यापासून ऐकलेले कोणतेही उत्तर मला पुरेसे वाटले नाही. एक गोष्ट मात्र लिहावीशी वाटते. शंकेचा शेवट नेहमी अधिक दृढ विश्वासातच होतो, अशाच साक्षी मंडळीत ऐकू येतात, कारण ज्यांचा तसा होत नाही ते साक्ष द्यायला उभे राहत नाहीत. माझी आई अजूनही माझ्यासाठी प्रार्थना करते. मला त्याचा त्रास होत नाही.

सांजवेळ

दादा, आपण लिहिलेत ते बरे केलेत. हा धागा फक्त परतलेल्यांसाठी नाही.

दवणा

आपल्या भाषेतलेच उदाहरण देते. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) मूलभूत सिद्धांतांवर त्यांनी तिथल्या अँग्लिकन पंथाच्या धर्मभगिनींशी पत्रांतून निकराचा वाद घातला. आपली सदसद्विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्याही स्वाधीन केली नाही. पुढे याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. आपल्याकडे व्यासपीठावरून त्यांच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख मोठ्या अभिमानाने होतो. त्या पत्रांचा उल्लेख मी तरी तिथे ऐकलेला नाही.

पसारा

स्वयंपाक उरकता उरकता लिहीत आहे, तेव्हा थोडक्यात. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाने विचारले की ज्यांनी येशूचे नावही ऐकले नाही, त्यांचा न्याय कसा होणार. मी त्याला पाळकांकडे पाठवले आणि पाळकांनी त्याला सांगितले, "आईला विचार." आता तो आम्हा दोघांकडेही संशयाने पाहतो.

जुना उंबरठा

पाळकांच्या वतीने दिलगीर आहे. मुलाला सांगा की हा प्रश्न विचारणारा तो पहिला नाही, आणि यावर ख्रिस्ती विचारवंतांमध्ये आजही एकमत नाही. चौदाव्या वर्षी मला एवढा खरेपणा पुरला असता.

निःशब्द

एक प्रश्न आहे, आणि तो प्रत्यक्ष कोणाला विचारण्याचा धीर होत नाही. मनात इतकी शंका असताना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घ्यावे का? पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अयोग्य प्रकारे घेणाऱ्याविषयीचा इशारा वाचल्यापासून पात्र समोर आले की मी ते पुढे सरकवते आणि खाली मान घालून बसते. शेजारच्या व्यक्तीच्या ते लक्षात येते, आणि घरी आल्यावर आणखी अपराधी वाटते.

जुना उंबरठा

बेटा, तो अध्याय थोडा मागून, सतराव्या ओवीपासून वाचा. तिथे पौल रागावला आहे तो शंका घेणाऱ्यांवर नव्हे, तर जे आधीच भरपेट खाऊन घेत आणि गरिबांना उपाशी ठेवत, त्यांच्यावर. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात पुनरुत्थित प्रभूला नमन करणाऱ्या शिष्यांपैकीही कित्येकांना संशय वाटला, असे स्पष्ट लिहिले आहे, आणि सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करण्याची महान आज्ञा त्यांना वगळून दिलेली नाही.

ओसरी

पाळकसाहेबांचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडते. मी कॅथोलिक आहे. आमच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात जाणूनबुजून नाकारणे आणि मनाविरुद्ध येणारी अडचण यांत फरक केला आहे, आणि हा फरक स्वतःचा स्वतःला करता येतोच असे नाही. म्हणून मी आधी फादरांशी बोलले. त्यांनी मला मदर तेरेसांची २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे वाचायला सांगितली. ज्यांना २०१६ मध्ये संत घोषित करण्यात आले, त्यांनी आपल्या अंतरीच्या काळोखाविषयी अनेक दशके आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिले होते, आणि ही पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. तो काळोख म्हणजे शंकाच होती, असे मी म्हणणार नाही. पण त्याही कोणाला तरी सांगत होत्या, हे मला महत्त्वाचे वाटले.

काजवा

निःशब्दताई, रात्री झोप येत नसेल तर ८८ वे स्तोत्र वाचून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. शेवटच्या ओळीतही अंधारच आहे. तरीही ते उपासनेच्या गीतसंग्रहात ठेवले गेले. मला त्याचाच सर्वाधिक आधार झाला.

निःशब्द

सर्वांचे आभार. सतराव्या ओवीपासून वाचले. आमच्या पाळकांना उद्या सकाळी फोन करून भेटीची वेळ मागणार आहे. या रविवारी पात्र घेईन की पुढे सरकवीन, हे अजून ठरलेले नाही, पण उपासनेला नक्की जाईन.